वॉशिंग्टनच्या खळ्यावर

अण्णांना व्हाइट हाउस दाखवलं तेव्हा ते कुंपणाशी दोनेक मिनिटं उभे राहिले आणि वळून म्हणाले, "झालं? आता?" लिंकन मेमोरियलच्या पायऱ्या गुडघ्यांची तक्रार न करता चढले, पण उतरल्यावर शेरा एवढाच, की दगड स्वच्छ ठेवलाय. आई-अण्णा बार्शीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. २०१९ चा ऑक्टोबर उजाडला होता आणि माझ्याकडची दाखवण्यासारखी ठिकाणं संपत आली होती.

माउंट व्हर्नन मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. जॉर्ज वॉशिंग्टनचं राहतं घर, म्हणजे पुन्हा रांग, पुन्हा दोरीपलीकडच्या खुर्च्या, आणि पुन्हा "झालं? आता?" असं मला वाटत होतं. पण एका रात्री जेवताना मी सहज बोलून गेले, "नदीकाठी वाडा आहे, आणि शेती."

"कसली शेती?"

"गव्हाची म्हणे."

अण्णांनी पुढची भाकरी घेतलीच नाही. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं, पण शाळा सुटली की हा माणूस शेतात. त्यांना वॉशिंग्टन म्हणजे एक-दोन परिच्छेद आणि एक चित्र एवढाच माहीत होता. तो शेतकरी होता हे त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. खरं सांगायचं तर आठ वर्षं इथं राहून माझ्यापर्यंतही नीट पोचलं नव्हतं.

जायचं तर सोपं आहे. राजधानीपासून दक्षिणेला साधारण पंधरा मैल, पोटोमॅक नदीच्या काठाकाठाने जाणारा रस्ता थेट तिथेच संपतो. पण गाडी त्या दिवशी नवरा घेऊन गेला होता, त्यामुळे आम्ही मेट्रोच्या यलो लाइनने शेवटच्या हंटिंग्टन स्टेशनपर्यंत आणि तिथून १०१ नंबरच्या बसने गेलो. वाड्यात शिरायची वेळ तिकिटावर ठरलेली असते, हे मला माहीत होतं. आईने दशम्यांचा डबा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागेल, हे माहीत नव्हतं. आमची वेळ अकरा वीसची, आणि आम्ही फाटकातून आत आलो पावणेबाराला. दारावरच्या बाईंनी आधी तिकीट बघितलं, मग अण्णांचे गुडघे बघितले, आणि पुढच्या घोळक्यात उभं केलं. डबा मात्र वाड्यात उघडायचा नाही, असं दोनदा बजावलं.

रांगेत असताना अण्णा हळूच बाजूला सरकले आणि भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक केलं.

"लाकूड आहे गं हे!"

लांबून बघितलं तर दगडी चिरेबंदी वाडा. जवळ गेलं की कळतं, पाइनच्या फळ्यांना चिऱ्यांसारख्या खाचा पाडल्यात, आणि ओल्या रंगावर वाळू मारलीय, म्हणजे हाताला खरखरीत लागावं. वडिलांनी १७३४ च्या सुमारास बांधलेलं दीड मजली घर वॉशिंग्टनने दोनदा वाढवलं. दगड परवडला नसेल किंवा मिळाला नसेल, पण दिसायला दगडी हवं होतं. समोरच्या खिडक्याही एका मापात नाहीत. आत जिना जिथे आला तिथे खिडकी सरकली. अण्णांना हे फार आवडलं. "आपल्या दादांनी माडी चढवली तेव्हा असंच झालं होतं," ते म्हणाले. दादा म्हणजे माझे आजोबा. आमच्या माडीची एक खिडकी अजून निम्मी भिंतीत आहे.

आत मात्र पाहणं भरभर होतं. प्रत्येक खोलीत एक माहितगार उभा असतो, त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच मागची रांग पुढे ढकलते. मी कानात जेवढं पडेल तेवढं मराठीत सांगत होते. मोठी जेवणाची खोली मी चाळीस सेकंदांत भाषांतरित केली असेन. छोटी जेवणाची खोली इतकी हिरवीगार की आई म्हणाली, "हा तर आपल्या देवघराचा रंग." त्या काळी तो रंग महाग, म्हणजे पाहुण्यांना दिसावा म्हणूनच लावलेला. पाहुणेही थोडेथोडके नसत. १७९८ या एका वर्षात ६७७ जण आल्याची मोजदाद आहे. आपलं घर म्हणजे वाटेवरची खानावळ झालीय असं वॉशिंग्टनने स्वतःच आईला कळवलं होतं. माझ्या आईने हे ऐकून माझ्याकडे फक्त बघितलं. गणपतीत आमच्याकडे चाळीस माणसं जेवून गेली होती.

मधल्या मोठ्या वाटेत, भिंतीवर, काचेच्या पेटीत एक लोखंडी किल्ली टांगलीय. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या दिंडीदरवाजाला असते तशी, जाड आणि बोजड. पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगाची. फ्रेंच राज्यक्रांतीत तो तुरुंग पडल्यावर, अमेरिकेच्या लढ्यात वॉशिंग्टनच्या हाताखाली लढलेल्या फ्रेंच लाफायेतने ती आपल्या जुन्या सेनापतीला भेट म्हणून धाडली, १७९० साली, आणि ती पोचवायची जबाबदारी घेतली थॉमस पेनने. मी एवढं सांगितलं आणि पुढे निघाले, तर अण्णा जागचे हलेनात.

"पेन? म्हणजे जोतिरावांचा पेन?"

मागची रांग थांबली. मी म्हटलं, "हो, तोच असेल, चला."

"असेल काय, तोच. 'राइट्स ऑफ मॅन'वाला." आणि तिथेच, बॅस्टिलच्या किल्लीसमोर, मला पाचवी-ब मध्ये उभं केल्यासारखं त्यांनी सांगितलं, की पुण्यातल्या विशीतल्या जोतिराव फुल्यांनी ते पुस्तक वाचलं आणि माणसाच्या हक्कांची भाषा त्यांना तिथे सापडली. मागच्या बाईंनी मला विचारलं, काही अडचण आहे का. मी म्हटलं, नाही, वडील शिक्षक आहेत. त्यांनी मान डोलावली. हे कारण बहुधा कुठल्याही देशात चालतं.

(रात्री मी शोधलं. पेनने त्या पुस्तकाचा पहिला भाग १७९१ मध्ये अर्पण केलाय तो जॉर्ज वॉशिंग्टनलाच. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "मग?" जणू हे त्यांना ठाऊकच होतं.)

वरच्या मजल्यावर तो पलंग आहे ज्यावर वॉशिंग्टन गेला. १२ डिसेंबर १७९९ ला तो बर्फ-पावसात घोड्यावरून शेतं फिरून आला, पाहुणे खोळंबले म्हणून ओल्या कपड्यांनीच जेवायला बसला, दुसऱ्या दिवशी घसा धरला, आणि १४ तारखेच्या रात्री संपलं. मधल्या काळात डॉक्टरांनी चार वेळा रक्त काढलं, अंगातल्या रक्ताच्या चाळीसेक टक्के. हे सांगताना तिथल्या बाईंचा आवाज आपोआप हळू झाला होता. आईला मात्र रक्तापेक्षा कपड्यांचा राग आला. "ओल्या अंगाने जेवायला बसायचंच कशाला? घरात कुणी बोललं नाही?" त्याच्या बायकोने, मार्थाने, नंतर ती खोली बंद केली आणि वरच्या माळ्यावर झोपायला लागली, हे सांगितल्यावर ती गप्प झाली.

खाली अभ्यासिकेत एक खुर्ची आहे. तिच्या डोक्यावर पंखा, आणि पायाने पट्टी दाबली की पंखा हलतो. अण्णांना ती घरी न्यायची होती. बार्शीतल्या भारनियमनावर याहून स्वस्त उपाय नाही, असं त्यांचं मत पडलं.

मागच्या अंगाला आलं की एकदम नदी समोर येते. दोन मजल्यांइतके उंच चौकोनी खांब, लांबलचक पडवी, हिरव्या खुर्च्यांची ओळ, खाली उतरत गेलेली हिरवळ आणि मैलभर रुंद वाटणारी पोटोमॅक. पलीकडचा मेरिलँडचा काठ नुसत्या झाडांचा आहे. एकही टॉवर नाही, एकही बंगला नाही. राजधानी इतकी जवळ असताना हे आपोआप राहिलेलं नाही, पलीकडची जमीन याच देखाव्यासाठी राखून ठेवलीय. आम्ही तिघं ओळीने बसलो. इथे कुणी उठवत नाही. आईने डबा उघडायचा एक क्षीण प्रयत्न केला.

ही पडवी एकेकाळी पडायला आली होती. १८५३ मध्ये नदीतून बोटीने जाणाऱ्या एका बाईंनी हे पडकं घर पाहिलं आणि मुलीला पत्र लिहिलं, की पुरुषांना हे राखता येत नसेल तर बायकांनी का राखू नये. मुलगी अ‍ॅन पामेला कनिंगहॅम, दक्षिण कॅरोलायनाची, घोड्यावरून पडून पाठीने अधू झालेली. वॉशिंग्टनच्या घराण्यातल्या शेवटच्या मालकाला वाडा झेपत नव्हता. सरकारने तो घ्यायला नकार दिला होता, व्हर्जिनिया राज्यानेही. हिने राज्याराज्यांतल्या बायका जमवल्या आणि १८५८ मध्ये वाडा आणि भोवतालची दोनशे एकर जमीन दोन लाख डॉलरला विकत घ्यायचा करार केला. बायकांना मतदानाचा हक्क मिळायला तेव्हा साठहून अधिक वर्षं बाकी होती. त्यांनी ताबा घेतला तेव्हा पडवीचं छत जहाजांच्या जुन्या डोलकाठ्यांवर तोलून धरलेलं होतं. आजही मालकी त्याच माउंट व्हर्नन लेडीज असोसिएशनकडे आहे, आणि सरकारकडून त्या पैसा घेत नाहीत. आईने मला हे दोनदा सांगायला लावलं. एकदा तिच्यासाठी, आणि एकदा अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात.

मग आईची पाळी. वाड्याच्या दोन्ही बाजूंना छोट्या छोट्या इमारतींची रांग आहे. स्वयंपाकघर, कोठीघर, मांस धुरी देऊन टिकवायची खोली, कपडे धुवायची खोली, सूत कातायची. आई स्वयंपाकघरात शिरली ती दहा मिनिटं बाहेर आली नाही. चुलाण्यात माणूस वाकून उभा राहील एवढी जागा, टांगलेली भांडी, बाजूला पावाची भट्टी. तिने विचारलं, "रांधायचं कोण?" मला वाटलं होतं हा प्रश्न मी जेवणानंतरपर्यंत टाळेन.

रांधायचे गुलाम. त्यांतला हर्क्युलीस नावाचा आचारी इतका हुशार, की वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर फिलाडेल्फियाच्या घरी त्यालाच नेलं होतं. पण पेनसिल्व्हेनियात सलग सहा महिने राहिलेला गुलाम मुक्ततेचा दावा करू शकत असे, म्हणून अधूनमधून यांना सीमेबाहेर फिरवून आणायचे. पुढे तो पळून जाईल असा संशय आला, तेव्हा त्याला इथे शेतावर ठेवलं आणि भर थंडीत माती खणायला, दगड फोडायला लावलं. २२ फेब्रुवारी १७९७ ला, म्हणजे मालकाच्या वाढदिवशी, तो निघून गेला.

"एवढ्या सुगरण माणसाला गोटे फोडायला?" आई म्हणाली. थोड्या वेळाने, चालता चालता, "सापडला नाही ना पण?"

"नाही सापडला."

"बरं झालं."

दशम्या शेवटी फाटकाबाहेरच्या बाकावर खाल्ल्या. तरीही तिथल्या खाणावळीत शेंगदाण्याचं सूप मिळतं म्हटल्यावर तिघांत एक मागवलं. आईने चमचाभर घेतलं. "आमटीच आहे. उपासाची. फक्त जिरं-मिरची राहिलीय."

आता अण्णा. आत्तापर्यंत ते शहाण्या पाहुण्यासारखे चालत होते. खालच्या भाजीच्या बागेपलीकडे, तबेल्याजवळ, एक बाजूंनी उघडी, छपराची, खाली गोटे बसवलेली जागा लागली. मी फलक वाचला आणि मला हसू फुटलं.

"काय आहे?"

"उकिरडा."

वॉशिंग्टनचा उकिरडा! १७८७ साली बांधलेला, उत्खननात पाया सापडला म्हणून पुन्हा उभारलेला. शेण, पालापाचोळा, घरातला सगळा कचरा इथे कुजवून खत करायचं. तंबाखूने जमिनीचा कस गेला होता, म्हणून त्याने १७६० च्या दशकात तंबाखू सोडून गहू धरला. आणि मग आयुष्यभर खताच्या मागे लागला. आपल्याला असा शेतकी कारभारी हवा की तो ज्याला हात लावेल त्याचं खत होईल, कारण सोन्याकडे जायची पहिली पायरी तीच, असं त्याने १७८५ मध्ये एका पत्रात लिहिलंय. अण्णांनी हे वाक्य माझ्याकडून मोबाइलवर मराठीत लिहून घेतलं आणि तिथूनच गावाकडे, चुलतभावाला पाठवलं. तो गेली तीन वर्षं नुसत्या युरियावर शेती करतोय.

तिथून उतारावरून नदीकडे गेलं की कुंपणातली शेतं लागतात आणि त्यांच्या मध्ये एक चमत्कारिक इमारत. जवळजवळ गोल, पण गोल नाही. सोळा बाजूंची. वर टोपीसारखं छप्पर, आणि जमिनीवरून वरच्या मजल्यापर्यंत चढत गेलेला मातीचा उतार. अण्णा माझ्या आधी तिथे पोचले. उतारावर दोन खेचरं उभी होती आणि अठराव्या शतकातले कपडे घातलेला एक तरुण त्यांना आत नेत होता.

आत वरच्या मजल्यावर मधली जागा सोडून भोवती लाकडी फळ्यांचा वाटोळा रस्ता आहे. त्यावर गव्हाच्या पेंढ्या पसरल्या होत्या. खेचरं दुडक्या चालीने फिरू लागली, आणि पायांखाली सगळं चुरचुरायला लागलं. फळ्या एकमेकींना चिकटून बसवलेल्या नाहीत, मध्ये दीडेक इंचाच्या फटी आहेत. दाणे फटींतून खालच्या मजल्यावर पडतात, काड वर राहतं. आम्ही खाली गेलो. वरून टापांचा आवाज, आणि डोक्यावर, खांद्यावर, आईच्या शालीवर भुसा आणि गहू.

"मळणी!" अण्णा म्हणाले. मग त्यांचं छत्तीस वर्षांचं शाळेतलं मराठी एकदम गळून पडलं. "आरं, ही तर पात हाय! तिवडा न्हाई, येवढाच फरक."

तो तरुण खाली आला तेव्हा अण्णांनी त्याला धरलंच. मी मध्ये दुभाषी. आमचं खळं उघड्यावर असायचं. जमीन शेणाने सारवून, ठोकून दगडासारखी केलेली. मध्ये तिवडा, म्हणजे रोवलेला खांब, त्याला दोर, आणि दोराला ओळीने बैल. त्याला पात म्हणतात. बैलांनी कणसं खाऊ नयेत म्हणून तोंडाला मुसकी. मग वारा सुटला की वावडीवर, त्या तिपायी घडवंचीवर चढून उफणायचं. तिवडा इंग्रजीत काय म्हणायचं ते मला सुचेना, मी आपलं 'मधला खांब' म्हटलं. पोराने विचारलं, कधीपर्यंत करत होता? अण्णा म्हणाले, मी कॉलेजात जाईपर्यंत. तो गोंधळला, कारण त्याच्या हिशेबात हे सगळं दोनशे वर्षांपूर्वीचं.

मग त्याने या कोठाराचं कारण सांगितलं. उघड्यावर मळलं की गव्हात माती जाते, पाऊस आला की माल भिजतो, आणि रात्री खळ्यावरून धान्य चोरीला जातं. म्हणून वॉशिंग्टनने १७९२ मध्ये स्वतः आराखडा काढला. विटांचा हिशेबही स्वतः केला, ३०,८२० विटा. कोठार १७९५ मध्ये पुरं झालं, इथे नाही, त्याच्या डोग रन नावाच्या शेतावर. त्याची एकूण आठ हजार एकर जमीन पाच शेतांत विभागलेली होती. आम्ही उभे होतो ती १९९६ मध्ये बांधलेली प्रतिकृती.

एक गंमत त्याने सांगितली नाही, ती मी फलकांच्या नादाने नंतर वाचली. याआधीही वॉशिंग्टनने दुसऱ्या एका शेतावर आतच मळणी करता येईल असं कोठार बांधून दिलं होतं. १७९३ मध्ये घरी येऊन बघतो, तर कोठाराच्या दारापासून तीस फुटांवर, उघड्यावर, घोडे फिरवून मळणी चाललेली! त्याने वैतागून मित्राला लिहिलं. अण्णांना हे बसमध्ये सांगितलं तेव्हा ते मोठ्याने हसले. "फटींतून पडणारं धान्य मालकाच्या कोठीत जातं. उघड्यावरचं चार मुठी इकडेतिकडे होतं. गडी काय येडे होते?"

पण हे नंतरचं. तिथे, खालच्या मजल्यावर, अण्णांनी ओंजळभर गहू उचलला, तळव्यांत चोळला, फुंकर मारून भुसा उडवला. एरवी दाणा दाताखाली धरून बघायचा असतो. त्यांना कवळी आहे. म्हणून त्यांनी एक दाणा नखाने दाबला, आणि मग वर फटींकडे बघत, अगदी शांतपणे विचारलं, "हे बांधलं कुणी?"

सुतार गुलाम होते. विटा पाडणारे गुलाम होते. मळणारे, पेरणारे, घोडे हाकणारे गुलामच. १७९९ मध्ये या पाच शेतांवर मिळून ३१७ गुलाम होते. हा आकडा पक्का आहे, कारण वॉशिंग्टनने मरणाच्या वर्षी स्वतः यादी केली, नाव, वय, काम, नवरा-बायको कोण, मुलं किती, सगळं. नोंदी ठेवण्यात तो फार नेटका. कोठारापासून जवळच गुलामांच्या झोपडीची प्रतिकृती आहे. एक खोली, एक चूल, मातीची जमीन. रोजचा शिधा मक्याचं पीठ आणि खारवलेले मासे. अण्णा उंबऱ्यातून वाकून आत गेले. तिथे त्यांना काहीच समजावून सांगावं लागलं नाही. आमचं गावातलं जुनं घर फार मोठं नव्हतं, आणि गावकुसाबाहेरची घरं त्याहून लहान होती. त्यांनी ते बोलून दाखवलं नाही, मीही नाही.

समाधीकडे जायचा रस्ता चढाचा. विटांची कमान, लोखंडी जाळी, आत दोन संगमरवरी पेट्या, एक त्याची, एक मार्थाची. लोक टोप्या काढत होते. अण्णांनीही हात जोडले. तिथून थोडं पुढे झाडीत गेलं की जमीन नुसती जमीन दिसते, पानं पडलेली. तिथे गुलामांची दफनभूमी आहे, एकाही कबरीवर नाव नाही. दोन स्मारकं मात्र आहेत. एक १९२९ चा, जमिनीला टेकलेला दगड. त्यावर लिहिलंय की वॉशिंग्टन घराण्याच्या अनेक इमानी कृष्णवर्णीय नोकरांच्या स्मरणार्थ. दुसरं १९८३ चं, हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आखलेलं, वर्तुळाकार पायऱ्यांवर मध्येच तुटल्यासारखा करडा खांब. त्यावर 'गुलाम' असा शब्द आहे.

अण्णांनी दोन्ही मला शब्दशः वाचायला लावली. मग बोटांवर हिशेब केला. "नोकर खोडून गुलाम लिहायला चोपन्न वर्षं."

मी मृत्युपत्राचं सांगितलं. आपल्या मालकीचे १२३ गुलाम मार्थाच्या मरणानंतर मुक्त करावेत, म्हाताऱ्यांना पोसावं, पोरक्या मुलांना वाचायला शिकवावं, असं त्याने लिहून ठेवलं. मार्थाने त्यांना १ जानेवारी १८०१ लाच सोडलं. पण निम्म्याहून जास्त गुलाम त्याचे नव्हतेच. त्यातले बहुतेक मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीचे होते, म्हणजे कायद्याने ते तिच्या नातवंडांचे. इतक्या वर्षांत दोन्हीकडच्यांची आपसांत लग्नं झालेली. नवरा सुटला, बायको आणि मुलं वाटणीत गेली, असं घराघरांत झालं.

"जोतिरावांनी 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केलं माहितेय ना?" अण्णा म्हणाले. माहीत होतं. १८७३ साली, अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त केलं म्हणून. "मला कायम वाटायचं, एवढे लांबचे लोक, जोतिरावांना कुठून आठवले. आता वाटतं, त्यांनी 'सदाचारी लोक' असं लिहिलं, 'अमेरिका' असं नाही लिहिलं, ते बरं केलं." आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसले. आई खाली वाकून पानं गोळा करत होती. लालभडक मॅपलची पानं ती पोथीत ठेवायला सोलापूर जिल्ह्यात घेऊन जाणार होती.

परतीच्या वाटेवर संग्रहालय. बस पावणेपाचची होती, म्हणून मी भराभर पुढे ढकलत होते. गणवेश, तलवारी, मेणाचे पुतळे यांना दोन-दोन मिनिटं. एका अंधाऱ्या कोनाड्यात, काचेमागे, वॉशिंग्टनची कवळी आहे. वरची आणि खालची, मध्ये स्प्रिंगा. ती लाकडाची होती असं लोक सांगतात, पण लाकूड त्यात नाही. शिसं आहे, हस्तिदंत आहे, जनावरांचे दात आहेत आणि माणसांचे. पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता.

अण्णा काचेला नाक लावून उभे राहिले. त्यांना अर्थातच कारागिरीत रस होता. "हिला तोंड मिटायला जोर लावावा लागत असणार. म्हणून चित्रात तसा दिसतो." मग म्हणाले, "माणसांचे दात कुठले?"

हिशेबाच्या वहीत मे १७८४ ची नोंद आहे. निग्रोंना नऊ दातांपोटी दिले, सहा पौंड दोन शिलिंग. नोंद एवढीच.

मी ती वाचून दाखवली. अण्णा काही बोलले नाहीत. आईने पदर तोंडाशी नेला.

दुकानातून आईने दळलेल्या मक्याच्या पिठाची पिशवी घेतली, वॉशिंग्टनच्या पाणचक्कीवरचं म्हणे. तो न्याहारीला याच पिठाच्या छोट्या चपट्या भाकऱ्या खायचा, लोणी आणि मधात बुडवून, म्हणजे दातांना त्रास नको. रात्री तिने तशा केल्या. पहिल्या दोन तव्यावरच मोडल्या, मग तिने कणीक आणि मिरची-कोथिंबीर घालून सरळ धिरडी केली. जावयाने आठ खाल्ली. अण्णांनी दोन, मधाबरोबर, गुमान.

झोपायच्या आधी मी त्यांच्या खोलीत पाणी ठेवायला गेले. ते पलंगावर बसले होते. कवळी काढून वाटीत टाकायच्या आधी त्यांनी ती दिव्याखाली धरली होती, उलटसुलट करून बघत होते. मला बघून बोळक्या तोंडाने म्हणाले, "ही पार प्लॅष्टिकचीच हाय ना गं? नक्की?"

"नक्की, अण्णा."

त्यांनी ती वाटीत सोडली आणि वरून बशी झाकली.